टाकलेले ओझे जाते कुठे?

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे. तिथे बनलेली अबार्थ पुंटो ही गाडी ऑक्टोबर 2015 मध्ये बाजारात आली. 1.4 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती आणि दिल्लीतली शोरूमची किंमत दहा लाखांच्या आत. रोज कामावर न्यायची गाडी आणि मनातली वेगवान गाडी अशा दोन गाड्या परवडत नाहीत, अशा माणसाला एवढ्या पैशांत एवढी ताकद भारतात क्वचितच मिळाली होती. गाडीचे वजन मात्र सुमारे बाराशे किलो होते. 1983 साली आलेली मारुती 800 जेमतेम साडेसहाशे किलोंची होती, हे आठवले की तीन दशकांत आपल्या गाड्यांवर किती थर चढले ते लक्षात येते. अबार्थ पुंटो काही वर्षांतच बंद झाली. ती आणि तिच्यासारख्या गाड्या जपणाऱ्यांचा एक प्रश्न मात्र कायम आहे: रोज चालवायच्या गाडीचे वजन थोडक्या पैशांत कसे उतरवायचे? प्रश्न गॅरेजमधला दिसतो, पण त्याच्या पोटात धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न आहे. संसारात राहून माणसाने काय टाकावे, काय ठेवावे आणि टाकलेले जाते कुठे? माझे म्हणणे असे की त्यागाची खरी परीक्षा या तिसऱ्या प्रश्नात आहे. आपण उतरवलेले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसत असेल, तर त्याला हलके होणे म्हणता येत नाही. ते ओझे फक्त जागा बदलते.

आधी गाडीचा हिशेब पाहू, कारण तो नेमका आहे आणि नेमक्या हिशेबातून विचाराला शिस्त लागते. बाराशे किलोंच्या गाडीतून शंभर किलो काढले, तर 145 अश्वशक्तीचे इंजिन जवळजवळ 158 अश्वशक्तीचे असल्यासारखे ओढते. इंजिनाला हात न लावता तेरा अश्वशक्तीची भर पडते. शिवाय फायदा फक्त ओढण्यात होत नाही. ब्रेकला कमी ऊर्जा जिरवावी लागते, वळणात टायरवर कमी ताण येतो, पेट्रोल थोडे वाचते. हे वजन निघते कुठून, याची एक उतरंड आहे. सर्वात आधी डिकीत महिनोन्‌महिने साठलेले सामान: न लागणारी हत्यारे, पाण्याचे कॅन, जुने बूट, गेल्या सहलीची सतरंजी. ते काढायला एक रुपया लागत नाही. मग हौसेने बसवलेली वूफरची पेटी आणि तिचा अँप्लिफायर. ते विकून उलट चार पैसे मिळतात. पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलो, म्हणजे 45 लिटरची टाकी अर्धी ठेवली तरी सोळा-सतरा किलो वाचतात. त्यानंतर पैसे मोजावे लागतात. शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियमची हलकी बॅटरी, ओतीव चाकांऐवजी फोर्ज केलेली चाके, कार्बन फायबरचे बॉनेट. इथे एकेका किलोमागे हजारो रुपये जातात. आणि चालवणाऱ्याच्या पोटावरचे दहा किलो उतरले तर गाडीचेही दहा किलो उतरतात, त्यालाही पैसे लागत नाहीत. या उतरंडीत एक गोष्ट उघड दिसते. सर्वात स्वस्तात निघणारे वजन ते, जे कारखान्याने दिलेले नसून आपणच सवयीने भरलेले आहे.

पण उतरंड इथे संपत नाही आणि मोह खरा इथून पुढे सुरू होतो. पैसे संपलेले असतात आणि अजून किलो हवे असतात. तेव्हा हात अशा वस्तूंकडे जातो ज्यांची किंमत मालकाला लगेच जाणवत नाही. सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून टाकला की काही किलो कमी होतात, धूर मोकळा जातो आणि इंजिनाचा आवाजही हवा तसा येतो. मागची सीट काढली की वीस-तीस किलो जातात. सुटे चाक आणि जॅक काढले की पंधरा-वीस किलो जातात. कुणी एअरबॅगपर्यंत पोहोचतो. वजनाच्या काट्यावर हे सगळे किलो एकसारखेच दिसतात. काट्याला सतरंजीचा किलो आणि कन्व्हर्टरचा किलो यांतला फरक कळत नाही. तो फरक माणसाला कळायला हवा. कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कमी घातक वायूंत रूपांतर करतो. तो काढला म्हणून ते काम संपत नाही. आजवर ते धातूची एक डबी करत होती, आता ते रस्त्याकडेला वडापावची गाडी लावणाऱ्याच्या फुप्फुसांना करावे लागते. गाडी काही किलोंनी हलकी झाली आणि तेवढेच ओझे, कदाचित अधिक, ज्याला कुणी विचारले नाही अशा माणसाच्या छातीवर गेले. सतरंजी घरी ठेवली तेव्हा असे कुणाकडेच काही गेले नव्हते.

ओझे असे सरकते म्हणजे काय, हे समजून घ्यायला कुरकुंभइतके बोलके गाव शोधून सापडणार नाही. फिरंगाई देवीचे हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे आणि दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता इथेच महामार्गाला छेदतो. शेजारी रासायनिक उद्योगांची मोठी वसाहत आहे. तिथे तयार होणारी रसायने पुढे औषधांत, रंगांत, शेतीच्या फवारण्यांत जातात. दूर कुठेतरी कुणाच्या तरी घरात एक वस्तू स्वस्त मिळते, पण ती स्वस्त होण्यासाठी टाळलेला प्रत्येक खर्च कुठेतरी उतरतोच. परिसरातल्या गावांच्या वासाच्या आणि सांडपाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या आहेत. वसाहतीसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारावे लागले, ते याचसाठी. एकाने हिशेबातून वगळलेली गोष्ट दुसऱ्याच्या विहिरीत दिसू लागते. उसाचा हंगाम सुरू झाला की दुसरे उदाहरण महामार्गावर चालू लागते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाने काठोकाठ भरलेल्या. एका खेपेत जास्त ऊस नेला की वाहतुकीचा खर्च कमी होतो. पण रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असा रस्तेबांधणीतला प्रसिद्ध नियम आहे. म्हणजे दहा टक्के जादा भार घातला तर झीज जवळजवळ शेहेचाळीस टक्क्यांनी वाढते. वाचलेले भाडे एकाच्या खिशात राहते आणि खड्डा सगळ्यांच्या वाट्याला येतो. कुरकुंभच्या माणसाला पर्यावरणाचे तत्त्वज्ञान शिकवावे लागत नाही. कुणीतरी टाकलेले ओझे कसे असते, ते तो अनुभवाने जाणतो. म्हणूनच याच पट्ट्यातल्या हौशी तरुणाने आपल्या गाडीतला कन्व्हर्टर कापावा, यात मला विशेष विसंगती दिसते. ज्या अन्यायाबद्दल त्याचे गाव बोलते, तोच अन्याय तो लहान प्रमाणावर पुढे ढकलत असतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ते या प्रश्नाला थेट लागू पडतात. जे कर्तव्य आहे तेच मोहाने टाकून देणे हा तामस त्याग. करायला त्रास होतो, शरीराला कष्ट पडतात म्हणून टाकणे हा राजस त्याग. कर्तव्य करत राहून त्यावरची आसक्ती आणि फळाची अपेक्षा सोडणे हा सात्त्विक त्याग. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली आणि त्यामुळे हा विचार मराठी घराघरांत पोहोचला. या वर्गीकरणाचे मोठेपण असे की ते टाकलेल्या वस्तूचे मोल करत नाही. किती टाकले याने त्याग मोठा होत नाही. काय टाकले आणि कशासाठी टाकले याने तो ठरतो. आता गाडीकडे पाहा. कन्व्हर्टर हे गाडीचे समाजाप्रति असलेले कर्तव्य आहे. वेगाच्या मोहाने ते कापणे हा सरळसरळ तामस त्याग. पंक्चर झाल्यावर चाक बदलायची दगदग नको, कुणीतरी येईल मदतीला, म्हणून सुटे चाक घरी टाकणे हा राजस त्याग. केंद्र सरकारने 2020 मध्ये नियम बदलून सुटे चाक नसले तरी चालेल अशी मुभा दिली आहे, पण तिला अटी आहेत: ट्यूबलेस टायर हवेत, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा हवी आणि पंक्चर दुरुस्तीचा संच गाडीत हवा. म्हणजे नियमसुद्धा तेच म्हणतो. ओझे उतरव, पण त्याची जबाबदारी पेलणारे दुसरे काहीतरी स्वतःच बाळग. आणि जिचा आवाज अंगात भिनला आहे, जी मित्रांना ऐकवताना छाती फुगते, ती वूफरची पेटी काढणे मात्र खऱ्या त्यागाच्या जवळ जाते, कारण तिथे नुकसान फक्त आपल्या आवडीचे होते.

इथे रोजच्या गाडीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. शर्यतीच्या गाडीत एक सीट, लोखंडी पिंजरा आणि इंजिन एवढेच असते; तिच्यातून जवळजवळ सगळे काढता येते, कारण तिला धावण्याखेरीज दुसरे कर्तव्य नाही. ती बंदिस्त ट्रॅकवर धावते, तिथे समोरून शाळेची बस येत नाही. रोजच्या गाडीला आईला दवाखान्यात न्यायचे असते, बाजार आणायचा असतो, मे महिन्याच्या उन्हात रेल्वे फाटकापाशी उभे राहायचे असते. शर्यतीची गाडी संन्याशासारखी, रोजची गाडी गृहस्थासारखी. आपल्या परंपरेने या दोघांना एकच नियम कधी लावला नाही. जैन धर्मात ही गोष्ट फार स्पष्ट आहे. साधूंसाठी अपरिग्रह हे महाव्रत आहे, त्यात जवळ काही ठेवायचेच नाही. गृहस्थासाठी अणुव्रत आहे आणि त्याचे नाव परिग्रहपरिमाण. आपल्याला किती लागेल याची मर्यादा गृहस्थाने स्वतः ठरवायची आणि तिच्या आत राहायचे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंवरून केलेली नाही, वस्तूंविषयीच्या मूर्च्छेवरून म्हणजे आसक्तीवरून केली आहे. समर्थ रामदासांनीही प्रपंच नेटका करण्याचा आग्रह धरला. थोडक्या पैशांत वजन उतरवू पाहणारा माणूस नकळत परिग्रहपरिमाणाच्या वाटेवर उभा असतो. त्याला सगळे टाकता येत नाही, सगळे ठेवायचेही नाही, आणि पैशांची मर्यादा त्याला प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचार करायला लावते. श्रीमंत माणूस कार्बन फायबरचे बॉनेट विकत घेऊन हा विचार टाळू शकतो. खिसा हलका असलेल्याला तो टाळता येत नाही, आणि इथे ही कमतरता त्याच्या उपयोगी पडते.

यावर कुणी म्हणेल, वजन उतरवण्याला एवढे महत्त्व कशाला? वजनदार गाडी सुरक्षित असते, आपल्या माणसांना सांभाळणे हाच गृहस्थाचा पहिला धर्म. हा आक्षेप गंभीर आहे, कारण त्यात तथ्य आहे. पण ते तथ्य पूर्ण पाहिले की आपलीच कसोटी पुन्हा समोर येते. समोरासमोरच्या धडकेत दोन्ही गाड्यांचा वेग किती बदलतो, हे त्यांच्या वजनांच्या व्यस्त प्रमाणात ठरते. अठराशे किलोंची गाडी बाराशे किलोंच्या गाडीवर आदळली, तर हलक्या गाडीला बसणारा वेगाचा धक्का दीडपट असतो. चालकासह दोनशे किलोंची मोटरसायकल बाराशे किलोंच्या गाडीशी भिडली, तर तो सहापट होतो. म्हणजे वजनाने मिळणाऱ्या सुरक्षिततेचा बराचसा भाग समोरच्याच्या सुरक्षिततेतून काढून घेतलेला असतो. एकाने जड गाडी घेतली की दुसऱ्याला आणखी जड घ्यावीशी वाटते, आणि ज्याला कोणतीच घेता येत नाही तो सायकलवाला सर्वांचा भार झेलतो. ज्या रांजणगावात बाराशे किलोंची पुंटो बनत होती, तिथेच 2017 पासून सुमारे दीड टनाची जीप कंपास बनू लागली. बाजाराची दिशा त्यावरून कळते. पुढे-मागे चुरडण्याजोगी रचना, पट्टे, एअरबॅग ही सुरक्षितता समोरच्याकडून काही घेत नाही. नुसत्या वस्तुमानाची सुरक्षितता घेते. त्यामुळे टाकण्याची आणि भरण्याची कसोटी एकच ठरते. आपण उतरवले म्हणून दुसऱ्यावर ओझे पडते का हे जसे विचारायचे, तसेच आपण चढवले म्हणून पडते का हेही विचारायचे. जैन विचारात अपरिग्रह आणि अहिंसा ही दोन व्रते एकमेकांना धरून चालतात, त्याचे कारण इथे रस्त्यावर दिसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हौशी माणूस वजन उतरवतो ते वेगासाठी. कामनेसाठी केलेला त्याग त्याग कसला? गीतेच्या कसोटीवर ही सगळी धडपड फळाच्या इच्छेने माखलेली आहे. हे मला मान्य आहे, आणि हौशी माणसाला संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. पण याच आक्षेपातून एक व्यावहारिक सत्य निघते, ते आकड्यांत पाहण्याजोगे आहे. धावत्या गाडीची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बाराशे किलोंतून साठ किलो, म्हणजे पाच टक्के, कष्टाने काढले तर ऊर्जा पाच टक्क्यांनी घटते. तासाला शंभर किलोमीटरच्या वेगात अडीच-पावणेतीन किलोमीटरची भर पडली की ही सगळी घट भरून निघते. ऐंशीवरून शंभरावर गेलो तर ऊर्जा छप्पन्न टक्क्यांनी वाढते. म्हणजे वजन उतरवून मिळालेले हलकेपण वेगात खर्च केले, तर रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी गाडी पूर्वीहून जड होते. फळाची आसक्ती त्यागाला कशी खाते, याचे याहून स्वच्छ गणित मला ठाऊक नाही. तेच हलकेपण ब्रेक लवकर लागण्यात, वळण नीट घेण्यात, टायर आणि पेट्रोल कमी लागण्यात राहू दिले, तर ते चालवणाऱ्याच्याही उपयोगी पडते आणि पादचाऱ्याच्याही. वेगाची हौस कुणाला असेल तर तिच्यासाठी ट्रॅक आहेत. कुरकुंभच्या चौकात ती भागवायची नसते.

तिसरा आक्षेप सर्वात अवघड आहे, कारण तो आपल्या सर्वात आदरणीय उदाहरणांनाच हात घालतो. तो असा: या जगात कुणाचेही हलकेपण दुसऱ्याच्या आधारावरच उभे असते, मग कन्व्हर्टर कापणाऱ्यालाच दोष का? दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे-सोलापूर महामार्गाने यवत, वरवंड, पाटस असे टप्पे घेत येते आणि कुरकुंभच्या अलीकडे पाटसपासून रोटी घाटाने उंडवडीकडे वळते. 1685 साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी सुरू केलेल्या या सोहळ्यात वारकरी खांद्यावर पताका आणि गळ्यात वीणा-टाळ घेऊन हलका चालतो. पण त्याचे अंथरूण, शिधा, तंबू हे सगळे दिंडीच्या ट्रकमधून पुढे गेलेले असते. स्वतः तुकोबांचेही पाहा. परंपरा सांगते की त्यांनी सावकारीच्या खतांची भाऊ कान्होबाबरोबर वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. कर्जदारांचे ओझे त्या क्षणी उतरले. पण घरातल्या चुलीचे ओझे पत्नी जिजाईवर पडले, हेही परंपराच सांगते. मग तुकोबांचा त्याग आणि गाडीवाल्याचा स्वार्थ यांत रेघ कुठे ओढायची?

रेघ आहे, आणि ती ओढायला या दोन उदाहरणांनीच शिकवले. दिंडीतला प्रत्येक जण भिशी भरतो. ट्रकचे भाडे, शिधा, तंबू यांचा खर्च सगळ्यांनी मिळून उचललेला असतो. कुणी स्वयंपाक करतो, कुणी पाणी भरतो, कुणी तंबू ठोकतो. वारकऱ्याच्या खांद्यावरून उतरलेले ओझे कुणावर गेले हे सर्वांना माहीत असते, ज्याच्यावर गेले त्याची संमती असते आणि त्या बदल्यात दुसरे एखादे ओझे त्याने स्वतः उचललेले असते. माहिती, संमती आणि परतफेड या तीन अटी पाळल्या की ओझे सरकवणे अन्याय राहत नाही, ते सहजीवन होते. कन्व्हर्टर कापणारा या तिन्ही अटी मोडतो. ज्याच्या छातीत धूर जातो त्याला तो ओळखत नाही, विचारत नाही आणि त्याच्यासाठी काही करतही नाही. तुकोबांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्यांनी टाकले ते दुसऱ्यांना दाबणारे ओझे होते. त्यांच्या हातून सुटलेले प्रत्येक खत कुणाच्या तरी मानेवरून उतरले. दुसरे असे की जिजाईच्या वाट्याला आलेले कष्ट वारकरी परंपरेने लपवले नाहीत. तिचा त्रागा, तिचे भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन जाणे हे सगळे परंपरेने सांगून ठेवले. यातून जिजाईचे कष्ट न्याय्य ठरतात असे मी म्हणणार नाही. मोठ्यात मोठ्या त्यागाच्या हिशेबातही ही नावे-बाजू लिहावी लागते, एवढेच यातून सिद्ध होते. जी परंपरा आपल्या सर्वश्रेष्ठ संताच्या त्यागाचा जमाखर्च असा उघड ठेवते, तिच्या वारसांनी आपल्या छोट्या त्यागांचा जमाखर्च झाकून ठेवू नये.

आणखी एक आक्षेप उरतो: माझी गाडी, माझा जीव, एअरबॅग काढली तर मरेन मी, दुसऱ्याचे काय जाते? पण गृहस्थाचा जीव त्याच्या एकट्याचा नसतो. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला आतली एअरबॅग आहे की काढली आहे, हे बाहेरून दिसत नाही. त्याची संमती कुणी घेतलेली नसते. अपघातानंतरचा दवाखान्याचा खर्च, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा, मुलांची फी हे सगळे ओझे त्या दिवशी घरच्यांवर येते. गाडी पुढे विकली तर विकत घेणाऱ्यावर येते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना स्पष्ट केले की निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. काही हौशी लोकांना हा निकाल जाचक वाटतो, आणि निरुपद्रवी बदलांना अधिक मोकळीक असावी अशी त्यांची मागणी विचारात घेण्याजोगी आहे. पण निकालामागचे तत्त्व आपल्या कसोटीपासून दूर नाही. रस्ता सामायिक आहे, आणि सामायिक जागेत एकट्याच्या मर्जीने काढलेला भाग इतरांनाही उणा पडतो. एका गाडीच्या धुराने जगाचे काय बिघडते, कारखान्यांच्या चिमण्यांकडे बघा, असेही कुणी म्हणेल. चिमण्यांकडे बघायलाच हवे. मात्र तिथे जे मागायचे ते मागण्याचा अधिकार स्वतःच्या नळीपाशी प्रामाणिक राहिल्याने बळकट होतो. आपण स्वतः तेच करत असलो तर तक्रारीतला जोर निम्मा होतो.

तेव्हा माझा निर्णय असा आहे. रोजच्या गाडीचे वजन उतरवणे ही चांगली हौस आहे, आणि थोडक्या पैशांत ती करणे अधिक चांगले, कारण त्यात माणूस आधी स्वतःच्या सवयींपाशी पोहोचतो. डिकी रिकामी करा. वूफर विका. टाकी गरजेपुरती भरा. पैसे साठले तर हलकी चाके घ्या, कारण फिरणारे वजन नुसते वाहायचे नसते, फिरवायचेही असते, आणि तिथला एकेक किलो जास्त कामाचा आहे. जवळच्या वजनकाट्यावर गाडी आधी आणि नंतर तोलून पाहा. ट्रकसाठीचा काटा पाच-दहा किलोंखाली दाखवत नाही, त्यामुळे लहानसहान कमाईचा अहंकारही होणार नाही. मागची सीट काढायची असेल तर तिच्यावर बसणाऱ्यांना आधी विचारा. कन्व्हर्टर, पट्टे, एअरबॅग आणि ब्रेक यांना हात लावू नका, कारण ते वजन तुमचे नाहीच. ते इतरांच्या वतीने तुमच्याकडे ठेवायला दिलेले आहे. आणि मिळालेले हलकेपण वेगात उधळू नका. हाच नियम घराला, धंद्याला आणि गावालाही लागतो. काहीही टाकण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हे आता कोण उचलणार? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल तर निःशंक टाका. एखाद्याचे नाव पुढे आले तर आधी त्याच्याकडे जा, त्याला सांगा, त्याची संमती घ्या आणि त्याचे एखादे ओझे स्वतः उचला. ज्याला विचारताच येत नाही अशा माणसावर ते पडणार असेल, तर ते आपल्याच गाडीत राहू द्या.